एकादशी, दुप्पट खाशी: डाएट सोडल्यावर जेवायचं कसं?

२०२५च्या मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही अशी वजन उतरवणारी दोन इंजेक्शनं भारतात आली आणि लग्नाच्या पंगतीपासून सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपपर्यंत तोच विषय सुरू झाला. किंमत किती, मळमळतं का, ओळखीत कुणी घेतलंय का. आणि सगळ्यात शेवटी, जरा आवाज खाली आणून, ‘बंद केलं की परत वाढतं म्हणे.’ वाढतं, हे खरं आहे. वेगोव्हीमधलं औषध सेमाग्लुटाइड. त्याच्या एका मोठ्या चाचणीतल्या लोकांचं औषध थांबवून वर्ष झालं, तेव्हा उतरलेल्या वजनापैकी साधारण दोन तृतीयांश परत आलेलं होतं.

हे ऐकून ज्यांना धक्का बसला ते नशीबवान म्हणायचे. ज्यांनी आयुष्यातली दहा-पंधरा वर्षं डाएट करण्यात घालवली, त्यांना यात नवल वाटलं नसेल. मी त्यातलीच. कोबीचं सूप झालं, भात सोडून झाला, रात्रीचं जेवण सोडून झालं, किटो झालं. दिवसातून दोनदाच जेवा म्हणणारे डॉ. दीक्षित आणि थोड्या थोड्या वेळाने खा म्हणणाऱ्या ऋजुता दिवेकर यांच्यावरून महाराष्ट्रात घराघरांत दोन पक्ष पडले होते, तेव्हा मी दोन्ही पक्षांत राहून आले. प्रत्येक वेळी वजन उतरलं. प्रत्येक वेळी ते परत आलं, आणि येताना दोन किलो जास्तीचं घेऊन आलं.

वजन उतरवण्याची नवी युक्ती या लेखात नाही. उतरलेलं वजन परत का येतं, आणि वर्षानुवर्षं डाएट केलेल्या माणसाला पुन्हा चारचौघांसारखं जेवायचं असेल तर काय करावं लागतं, एवढंच इथे सांगायचं आहे.

शरीराला डाएट दिसत नाही, टंचाई दिसते

नळाला पाणी दिवसाआड येतं त्या गावातलं घर आठवा. पाणी आलं रे आलं की पिंप, हंडे, कळशा, बादल्या, शेवटी पातेली आणि तांब्येसुद्धा भरले जातात. त्या घराला एवढं पाणी लागतं म्हणून नव्हे, उद्याचा भरवसा नाही म्हणून. पुढे तेच पाणी रोज यायला लागलं तरी पिंप लगेच निघत नाही. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. तो उन्हाळा पाहिलेली बाई चांगला पाऊस झाला म्हणून लगेच नळ सोडून भांडी घासायला लागेल का?

आपलं शरीर त्या बाईसारखं वागतं. अन्नातून मिळणारी ऊर्जा आपण कॅलरीत मोजतो. ती अचानक निम्म्यावर आली तर ‘मालकीणबाईंना भाचीच्या लग्नात साडी नेसायची आहे’ हे शरीराला कळायची सोय नाही. त्याला कळते फक्त टंचाई. माणूस म्हणून आपली बहुतेक पिढ्यांची वाटचाल टंचाईतच झाली, त्यामुळे तिच्याशी कसं वागायचं हे शरीराला पाठ आहे. ते दोन गोष्टी करतं. खर्च कमी करतं आणि मागणी वाढवतं.

मागणी वाढवायचं काम संप्रेरकांचं, म्हणजे हार्मोन्सचं. रक्तातून फिरणारे हे निरोपे. चरबीच्या पेशींमधून लेप्टिन निघतं. ‘साठा आहे, काळजी नको’ हा त्याचा निरोप. ते १९९४ साली अमेरिकेतल्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत सापडलं. रिकाम्या जठरातून घ्रेलिन निघतं, १९९९ साली जपानमध्ये सापडलेलं. त्याचा निरोप ‘जेवायला वाढा’. डाएटमध्ये चरबी घटते तसं लेप्टिन घसरतं आणि घ्रेलिन चढतं. म्हणजे डाएट जसजसं यशस्वी होतं तसतशी भूक वाढत जाते. २०११ साली ऑस्ट्रेलियात ५० जणांना दहा आठवडे अगदी कमी कॅलरींवर ठेवून नंतर तपासलं गेलं. डाएट संपून वर्ष उलटल्यावरही हे निरोप पूर्वीच्या पातळीला आले नव्हते. वर्षभरानंतरही शरीर पिंप भरायच्याच तयारीत होतं.

आता खर्च. अमेरिकेत वजन उतरवण्याची एक टीव्ही स्पर्धा गाजली होती. तिच्यातल्या १४ स्पर्धकांना केव्हिन हॉल या संशोधकाच्या गटाने सहा वर्षांनी पुन्हा तपासलं आणि २०१६ साली निष्कर्ष छापले. स्पर्धेत सरासरी ५८ किलो उतरले होते, त्यातले ४१ परत आले होते. त्याहून चक्रावणारी गोष्ट पुढेच आहे. नुसतं बसून असताना त्यांचं शरीर त्यांच्या वजनाच्या माणसाने जाळायला हव्यात त्यापेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. आता तसा आटापिटा सगळे करत नाहीत, त्यामुळे सगळ्यांचा आकडा एवढा मोठा नसतो. पण ‘ती माझ्याएवढंच खाते, तिला कसं काय चालतं’ या जुन्या तक्रारीत तथ्य असू शकतं, हे त्यातून कळतं.

मिनेसोटाचे ३६ तरुण

या विषयावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग दुसऱ्या महायुद्धातला आहे. वजनाशी त्याचा संबंध नव्हता. युरोप उपाशी होता, आणि युद्ध संपल्यावर त्या लोकांना पुन्हा जेवतं कसं करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. १९४४ च्या नोव्हेंबरात अँसेल कीज या संशोधकाने अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुण घेतले. तत्त्व म्हणून बंदूक उचलायला नकार दिलेले, आणि तरीही काही उपयोगी पडावं म्हणून स्वतःहून पुढे आलेले. आधी तीन महिने त्यांना व्यवस्थित जेवायला घातलं. मग २४ आठवडे त्यांचं अन्न साधारण निम्म्यावर आणलं. दिवसाला जेमतेम १,५७० कॅलरी. बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी, आणि सोबत आठवड्याला ३५ किलोमीटर चालणं.

हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुन्हा वाचला. माझ्या फ्रिजवर कितीतरी महिने जो तक्ता चिकटवलेला होता, त्याच्या डोक्यावर १,२०० लिहिलेलं होतं. ते पुरुष होते, उंचेपुरे होते, त्यांची गरज जास्त होती, हे मान्य. तरीही ज्याला तिथे उपासमार म्हटलं गेलं त्याला आपण ‘सोमवारपासून नीट सुरू करायचं’ म्हणतो.

त्या तरुणांचं वजन चतुर्थांशाने उतरलं. ते अपेक्षितच होतं. कीज यांच्या नोंदींमधला वाचण्यासारखा भाग मनाचा आहे. ज्यांनी कधी चहा केला नसेल असे तरुण पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले, रात्री अंथरुणात पडून ती वाचायला लागले. जेवण दोन दोन तास पुरवून खायला लागले, ताटं चाटून पुसून साफ करायला लागले. च्युइंगम आणि कॉफीचा मारा सुरू झाला. थट्टामस्करी बंद झाली, मैत्रिणींमध्ये रस उरला नाही, चिडचीड वाढली, थंडी वाजायला लागली. बोलणं एकाच विषयावर, जेवण.

डाएट करणाऱ्या कुणाही बाईने ही यादी वाचावी आणि छातीवर हात ठेवून सांगावं की यातलं काही आपल्या घरात घडलं नाही. मी रात्री अकरा वाजता पुरणपोळीचे व्हिडिओ बघायचे. घरचे हसायचे, मीही हसायचे.

आणि मग प्रयोगाचा शेवटचा भाग. पुन्हा हवं तेवढं खायची मुभा मिळाल्यावर काही जण दिवसाला पाच हजार कॅलरींच्या वर खात होते. पोट तट्ट भरलं तरी ‘अजून भूक आहे’ म्हणत होते. वजन परत आलं ते आधी चरबी होऊन आलं, स्नायू मागाहून. ही स्थिती कित्येक महिने टिकली. हे सगळे निवडून घेतलेले, मनाचे खंबीर तरुण होते. त्यांना कुणी ‘तुझा तोंडावर ताबा नाही’ म्हणालं असतं तर ते हास्यास्पद ठरलं असतं.

मग इच्छाशक्ती म्हणून काही नसतंच का?

असते. पण ती इथे चुकीच्या जागी कामाला लावलेली असते. १९७५ साली अमेरिकेत विद्यार्थिनींवर एक प्रयोग झाला. काही जणींना आधी मिल्कशेक पाजलं, काहींना नाही. मग सगळ्यांसमोर आइस्क्रीम ठेवलं, ‘चव सांगा, हवं तेवढं खा’ म्हणून. ज्या एरवी डाएटच्या भानगडीत नव्हत्या त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. पोट भरलं होतं, सरळ गोष्ट आहे. ज्या खाण्यावर कायम लगाम ठेवणाऱ्या होत्या त्यांनी मात्र मिल्कशेक पिऊन झाल्यावर जास्त आइस्क्रीम खाल्लं.

आपल्याला यासाठी प्रयोगशाळा नको. ‘एवीतेवी उपास मोडलाच आहे तर’ हे वाक्य आपल्याकडे किती जुनं असेल! एक बिस्किट खाल्लं, नियम मोडला, मग पुडा संपवला, उद्यापासून नव्याने. जोवर नियम आहे तोवर तो मोडण्याचा क्षणही आहे, आणि तो मोडल्यावर थांबायला कारण उरत नाही. एकादशी आणि दुप्पट खाशी ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत, हे ज्या कुणी ती म्हण केली त्याला पक्कं माहीत होतं. (इथे उपासाला नावं ठेवायची नाहीत. श्रद्धेने, वर्षानुवर्षांच्या सवयीने केलेला उपास आणि वजनकाट्याच्या धाकाने केलेला उपास यांत फरक आहे. आषाढीला उपास करणारी माझी सासू द्वादशीला सकाळी आमटी-भात खाऊन मोकळी होते. तिला त्यात ‘मोडलं’ असं काही वाटत नाही.)

सुरुवात नळ रोज सुरू करण्यापासून

डाएट सोडणं म्हणजे नक्की काय करायचं? पहिलं काम अगदी रटाळ आहे. वेळेवर आणि पुरेसं जेवायचं. सकाळचा नाश्ता, दुपारचं जेवण, मधल्या वेळचं खाणं, रात्रीचं जेवण. भूक असो वा नसो, निदान काही आठवडे. कारण वर्षानुवर्षं दाबून ठेवलेल्या भुकेवर सुरुवातीला विसंबता येत नाही. ती सकाळी गप्प असते आणि संध्याकाळी सात वाजता घर डोक्यावर घेते. शरीराला आधी हे पटावं लागतं की पाणी उद्याही येणार आहे.

संध्याकाळचीच गोष्ट घ्या. ऑफिसमधून येताना भेळ, घरात शिरल्या शिरल्या फरसाणाचा डबा, स्वयंपाक करता करता शेंगदाणे, आणि मग ‘आता जेवायलाच नको’ म्हणून रात्री साडेदहाला पुन्हा स्वयंपाकघरात. हा संयमाचा अभाव वाटतो. बहुतेक वेळा तो दुपारच्या डब्याचा अभाव असतो. दोन फुलके आणि काकडीवर दिवस काढला तर सात वाजता दुसरं काय होणार? दुपारी पोळी-भाजीबरोबर उसळ आणि ताक आलं, चार-पाच वाजता एक अंडं किंवा मूठभर चणे-गूळ किंवा वाटीभर उपमा आला, की फरसाणाचा डबा बराच शहाणा होतो.

यानंतर भुकेची भाषा पुन्हा शिकायची. पाश्चात्त्य आहारतज्ज्ञ त्यासाठी शून्य ते दहाची पट्टी देतात. आपल्याला पट्टीची गरज नाही, भाषेत ती तयारच आहे. तोंड चाळवायला काहीतरी हवंसं वाटणं, भूक चाळवणं, भूक लागणं, कडकडून लागणं, पोटात कावळे ओरडणं, हातपाय गळणं, आणि मग भूक मरणं. दुसऱ्या बाजूला पोटाला आधार होणं, पोट भरणं, तट्ट होणं, तडस लागणं. डाएट करणाऱ्यांची अडचण ही की त्यांना फक्त कावळे आणि तडस ही दोन टोकं ओळखू येतात, मधलं सगळं पुसट झालेलं असतं. जेवायला बसायची चांगली वेळ ‘भूक लागणं’ आणि ‘कडकडून लागणं’ यांच्या मध्ये कुठेतरी असते. उठायची वेळ म्हणजे ‘अजून एक पोळी जाईल, पण नको’ वाटतं तेव्हा. पोट भरल्याचा निरोप आतड्यांतून मेंदूपर्यंत नीट पोचायला साधारण वीस मिनिटं लागतात, म्हणून सात मिनिटांत ताट संपवणाऱ्याला ती वेळ सापडतच नाही. (त्या निरोप्यांपैकी एकाचं नाव जीएलपी-१. वर सांगितलेली इंजेक्शनं त्याची नक्कल करतात.)

ताटात काय?

इथे नवं शोधायचं काहीच नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मे महिन्यात भारतीयांसाठी १७ मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचं म्हणणं असं की दिवसभराच्या ताटाचा सुमारे निम्मा भाग भाज्या, पालेभाज्या, फळं, कंदमुळं यांचा असावा आणि धान्यांतून मिळणाऱ्या कॅलरी एकूण कॅलरींच्या ४५ टक्क्यांच्या आत असाव्यात. आपल्या नेहमीच्या ताटात गडबड आहे ती इथेच. पान वाढताना डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि उजवीकडे भाजी, उसळ, आमटी अशी जी मांडणी होती, तिच्यात दोन्ही बाजू नुसत्या नावाला उरल्या आणि मधला भात-पोळीचा डोंगर वाढला.

पण डाएट करून आलेल्या माणसाला ‘भात कमी कर’ म्हणालात की त्याच्या डोक्यात जुनी घंटा वाजते. त्यामुळे क्रम उलटा ठेवायचा. काढायचं काही नाही, आधी घालायचं. कोशिंबिरीची चमचाभर वाढणी वाटीभर करायची. वरणाचं पाणी न वाढता वरण वाढायचं. मटकी, मूग, हरभरा, दही, अंडी, मासे यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात येईल असं बघायचं, कारण प्रथिनांनी भूक जास्त वेळ भागते आणि डाएटमध्ये चरबीबरोबर झिजलेले स्नायूही भरून निघायला मदत होते. हे वाढलं की भात आपोआप थोडा कमी होतो. नाही झाला तरी आभाळ कोसळत नाही.

‘मला मोकळं सोडलं तर मी सुटेनच!’

सगळ्यांची पहिली शंका हीच असते, आणि ती खोटी नाही. बंदी उठली की पहिले काही आठवडे माणूस खरंच सुटतो. मिनेसोटाचे तरुण सुटले होते. फरक असा की ते कायमचे सुटले नाहीत.

लिओनार्ड एपस्टाइन या अमेरिकी संशोधकाने २०११ साली एक छोटा प्रयोग छापला. काही बायकांना मॅकरोनी-चीज हा एकच पदार्थ सलग पाच दिवस रोज दिला, काहींना आठवड्यातून एकदा असा पाच आठवडे. रोज मिळणाऱ्यांचं खाणं कमी होत गेलं. आठवड्याने मिळणाऱ्यांचं झालं नाही. त्यांच्यासाठी तो दर वेळी नवाच राहिला. म्हणून ‘रविवारी चीट डे’ हा प्रकार मला फसवा वाटतो. तो वडापावला देवत्व देतो. बुधवारी चार वाजता भूक लागली म्हणून ताटलीत घेऊन, बसून, चटणीसकट खाल्लेला एक वडापाव हा नुसता वडापाव असतो.

याला एक मोठा अपवाद मात्र आहे. केव्हिन हॉल यांनीच २०१९ साली २० जणांना महिनाभर रुग्णालयात ठेवून दोन आठवडे कारखान्यात भरपूर प्रक्रिया झालेलं अन्न आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं अन्न दिलं. दोन्ही ताटांमध्ये साखर, मीठ, चरबी, तंतू सारखेच ठेवले होते. पाकीटबंद अन्नावर लोकांनी रोज साधारण ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या, आणि भूक किती होती, पोट किती भरलं हे मात्र त्यांनी दोन्ही वेळा साधारण सारखंच सांगितलं. तेव्हा ‘शरीर सांगेल तसं खा’ हा सल्ला भाकरी-पिठल्याला लागू पडतो, वेफर्सच्या पाकिटाला तितकासा पडत नाही. त्या पाकिटावर बंदी नको, पण ते पाकिटातून न खाता वाटीत काढून घ्यावं, एवढं तरी.

‘पण मला शुगर आहे’

मग तुम्हाला पथ्य आहे. पथ्य आणि डाएट हे दोन शब्द आपण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत एक करून टाकले, आणि त्यात नुकसान झालं. पथ्याला कारण असतं. ते ठरावीक गोष्टींपुरतं असतं, त्यात पाप-पुण्य नसतं आणि ते मोडलं तर माणूस पुढच्या जेवणापासून पुन्हा पाळतो. मधुमेहात पिष्टमय पदार्थ दिवसभरात विभागून घेणं, जेवणाची वेळ आणि गोळी किंवा इन्सुलिनची वेळ जुळवणं हे करावंच लागतं, आणि ते आपल्या डॉक्टरांशी बोलूनच. गंमत अशी की नियमित, पुरेसं, उसळ-भाजी जास्त हे जे डाएट सोडणाऱ्याला सांगावं लागतं, तेच मधुमेह्यालाही सांगितलं जातं. दुपारी उपाशी आणि रात्री दुप्पट हे रक्तातल्या साखरेलाही मानवत नाही.

इथे पुण्याचा एक फोटो सांगायलाच हवा. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली लॅन्सेट या नियतकालिकात स्वतःचाच एकत्र फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी एकच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. आपण भारतीय बारीक दिसूनही आतून चरबी बाळगतो, आणि ती पोटाशी असली तर मधुमेहाला वाट करून देते. म्हणजे वजनकाटा बारीक माणसाला ‘तू ठीक’ म्हणून फसवतो, आणि जाड माणसाने स्नायू कमावले, कमरेचा घेर घटवला तरी त्याला शाबासकी देत नाही. एवढ्या अर्धवट हिशेबाच्या यंत्रावर आपण सकाळचा मूड ठरवतो.

‘आणि वजन वाढलं तर?’

वाढू शकतं. हे लपवून डाएट सोडायला सांगणं अप्रामाणिक होईल. कुणाचं थोडं वाढून थांबतं, कुणाचं तिथेच राहतं, कुणाचं सावकाश उतरतं. आधीच कुणाला सांगता येत नाही. पण सुरुवातीच्या दिवसांत काट्यावर दिसणारी उडी बरीचशी पाण्याची असते. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाची साठवलेली साखर असते, काही शे ग्रॅम, आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. डाएटच्या पहिल्या आठवड्यात ‘तीन किलो गेले!’ म्हणून आपण पेढे वाटायच्या बेतात असतो, तेव्हा त्यातलं बरंचसं हे पाणी असतं. जेवायला लागल्यावर तेच परत येतं. जाताना त्याला कर्तृत्व म्हटलं आणि येताना पाप म्हटलं, हा आपला दुटप्पीपणा.

काट्याऐवजी काय बघायचं? तीन जिने चढून दम लागतो का. रात्री झोप सलग लागते का. कंबर, रक्तदाब, तीन महिन्यांची साखर. आणि एक मोजमाप जे कुठल्या प्रयोगशाळेत होत नाही, दिवसभरात किती वेळ डोक्यात जेवणाचा हिशेब चालू असतो. माझ्या बाबतीत हा आकडा सगळ्यात आधी उतरला. चालणं आणि आठवड्यातून दोनदा वजनं उचलणं मी ठेवलंय, पण ‘काल लाडू खाल्ला म्हणून’ नाही. शिक्षा म्हणून केलेला व्यायाम पावसाळा आला की सुटतो.

घरचे

‘किती बारीक झालीस गं, छान दिसतेस’ म्हणणाऱ्या मावश्या-आत्यांना काही सांगायला जाऊ नये, विषय बदलावा. आग्रहाला ‘पोट भरलं’ हे उत्तर पुरतं, ‘डाएटवर आहे’ म्हणालात की पंगतभर चर्चा होते.

याहून अवघड गोष्ट घरातल्या बाईच्या ताटाची आहे. सगळ्यांना गरम वाढून, शेवटी जेवायला बसणारी, उरलेला भात आणि मुलाच्या पानातली अर्धी पोळी संपवणारी बाई डाएटच्या तक्त्यात कुठेच नसते. तिची भूक किती हे तिलाच ठाऊक नसतं, कारण तिचं जेवण भुकेवर ठरत नाही, पातेल्यावर ठरतं. अन्न वाया जाऊ नये हे खरंच आहे, पण नको असताना पोटात ढकललेलं अन्नही वायाच गेलेलं असतं. डबा भरून फ्रिजमध्ये ठेवा, उद्या त्याची फोडणीची पोळी होते. आणि सगळ्यांबरोबर जेवायला बसा. वाढपाचं काम ज्याला हात आहेत तो प्रत्येक जण करू शकतो.

मुलं ऐकत असतात, हेही लक्षात असू द्या. आई स्वतःच्या पोटाबद्दल काय बोलते ते दहा वर्षांची मुलगी पाठ करत असते.

आणि एवढ्याने भागलं नाही तर

लपून खाणं, थांबताच न येणं, खाऊन झाल्यावर मुद्दाम उलटी करणं, जेवणाच्या भीतीने लोकांत जाणं टाळणं हे आठवड्यामागून आठवडे होत असेल, तर तो सवयीचा प्रश्न राहत नाही. यांतल्या नुसत्या ताबा सुटून खाण्याच्या विकाराला मानसोपचारात २०१३ पासून स्वतंत्र निदान आहे आणि त्यावर उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ दोघांची मदत घ्यावी. गरोदरपण, किडनीचे विकार, नुकतंच झालेलं ऑपरेशन यांतही हा लेख बाजूला ठेवून डॉक्टरांचं ऐकावं. इंजेक्शनचंही तसंच. ज्याला वैद्यकीय कारणासाठी ते दिलं गेलंय त्याने लाजायचं कारण नाही. फक्त ते घेत असतानाही उसळ, भाजी आणि वेळेवरचं जेवण लागतंच, कारण भूक मेलेली असली तरी शरीराला अन्न हवंच असतं.

माझं सांगायचं तर, हे सगळं जमायला दीडेक वर्ष गेलं, आणि मधे दोनदा मी चोरून जुना तक्ता बाहेर काढला होता. पूर्वी दिवाळीत मी चकली घरात करत नसे. केली तर राहणार नाही, ही भीती. गेल्या दिवाळीत केली. पहिल्या चार दिवसांत भरपूर खाल्ली, सकाळी चहाबरोबर, दुपारी दह्याबरोबर. मग कामं निघाली. तुळशीच्या लग्नाला प्रसादाची तयारी करताना फडताळात मागे तो डबा हाताला लागला. झाकण नीट लागलेलं नव्हतं. आत सात-आठ चकल्या होत्या, पार सादळलेल्या.